काठावरचे पिक्सेल

(पडदा: पांढऱ्या भिंतीसमोरच्या गणेशमूर्तीचा फोटो. माऊस तो ओढून भगव्या फ्लेक्सच्या डिझाइनवर सोडतो. मूर्तीभोवती पांढरा चौकोन उमटतो.)

गणपती जवळ आले की डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानांत एक मागणी दिवसभर ऐकू येते : ‘मूर्तीची पीएनजी करून द्या.’ पीएनजी हे खरं तर फाइलच्या एका प्रकाराचं नाव. दुकानात मात्र त्याचा अर्थ ‘मागचं काढलेला फोटो’ असा रूढ झाला आहे. मूर्ती भगव्या रंगावर बसवायची, तर मागची भिंत जायला हवी.

भिंत जाते म्हणजे फाइलमध्ये नेमकं काय होतं? फोटोतला प्रत्येक पिक्सेल म्हणजे तीन आकडे : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५. तिन्ही २५५ असले की पांढरा, तिन्ही ० असले की काळा. ‘इथे काहीच नाही’ हे सांगायची सोय या तीन आकड्यांत नाही. त्यासाठी चौथा आकडा लागतो, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा २५५ असेल तर पिक्सेल पूर्ण भरीव, ० असेल तर आरपार. मधल्या २५४ पायऱ्या अर्धवट पारदर्शकतेच्या, आणि या कामाचा सगळा कस त्या मधल्या पायऱ्यांवर लागतो.

हा चौथा आकडा १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जन्मला. संगणकाने काढलेली एकच आकृती निरनिराळ्या पार्श्वभूमींवर बसवायची, तर काठांचं गणित दर वेळी नव्याने करावं लागे. एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी काठाची माहिती रंगांसोबतच, स्वतंत्र थर म्हणून साठवली. दोन चित्रं मिसळण्याच्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर वापरत, तेच नाव या थराला मिळालं. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रं रचण्याचं पूर्ण गणित शोधनिबंधात मांडलं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९६ मध्ये या चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला. आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एक थर दुसऱ्यावर ठेवला, की आत हेच गणित चालतं.

(पडदा: फोटोशॉपची खिडकी. पांढऱ्या-राखाडी चौकड्या.)

पारदर्शक भाग दाखवायला सॉफ्टवेअर मागे चौकड्या रंगवतं. या चौकड्या फक्त पडद्यावर असतात, फाइलमध्ये नसतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रात त्या छापूनच आल्या असतील, तर ते साधं सपाट चित्र आहे, त्यात पारदर्शक काहीही नाही. ओळखायची रीत सोपी आहे. चित्र मोठं करत जा. चौकड्याही चित्रासोबत मोठ्या आणि धूसर होत गेल्या, तर त्या चित्राचाच भाग आहेत.

नव्याने शिकणारा पहिल्यांदा अडतो तो इथे. फोटो उघडला, खोडरबर फिरवलं, पण चौकड्यांऐवजी पांढरा रंगच उमटला. कारण जेपीजी उघडल्यावर फोटोशॉपमधला थर ‘बॅकग्राउंड’ नावाचा आणि कुलूपबंद असतो. त्याला अल्फा नसतोच, त्यामुळे खोडलं की तिथे पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. त्या थरावर डबल-क्लिक करून ओके दिलं, की तो ‘लेअर झिरो’ होतो आणि अडचण सुटते. गिंप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेअर मेनूत ट्रान्सपरन्सीखाली ‘ॲड अल्फा चॅनल’ निवडायचं. मुळात खोडरबर वापरूच नये. लेअर मास्क, म्हणजे थराचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारा काळा-पांढरा पडदा, लावावा. मास्कवर काळा रंग लपवतो, पांढरा दाखवतो, करडा अर्धवट दाखवतो. चुकून मूर्तीचं बोट कापलं गेलं, तर पांढऱ्या ब्रशने ते परत आणता येतं. खोडरबराने गेलेलं बोट फाइल एकदा बंद केली की कायमचं गेलं.

आता प्रत्यक्ष कापणं. आपल्या फोटोत भिंत पांढरी, मूर्तीचं सोवळं पिवळं, गळ्यात मोत्यांचा हार, मागे जाळीदार प्रभावळ. मॅजिक वाँडने, म्हणजे सारख्या रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनाने, भिंतीवर क्लिक केलं. टॉलरन्स, म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, नेहमीचा ३२. भिंत निवडली जाते, पण जिथे मोती भिंतीला टेकले आहेत तिथून निवड हारात शिरते. वाँडला मोती आणि भिंत हा फरक कळत नाही, आकडे जवळचे दिसले की ती पुढे सरकते. टॉलरन्स १० वर आणला तर मोती वाचतात, पण भिंतीवरच्या सावलीचे डाग मागे उरतात. म्हणून पांढऱ्यावर पांढरं असेल तिथे वाँडचा नाद सोडावा आणि पेन टूल घ्यावं.

पेन टूलने ‘पाथ मारणं’, म्हणजे बिंदू देत कडेभोवती रेषा आखणं, हे या व्यवसायातलं सगळ्यात भरवशाचं कौशल्य. फोटो २०० ते ३०० टक्के मोठा करायचा. बिंदू कमीत कमी द्यायचे. सोंडेच्या एका वळणाला दोन-तीन बिंदू पुरतात. दहा दिले तर काठ खडबडीत होतो, आणि मोठ्या छपाईत तो खडबडीतपणा लांबून ओळखू येतो. पाथ दिसणाऱ्या कडेच्या एक पिक्सेल आतून न्यायचा. मग पाथची निवड करताना फेदर, म्हणजे काठाचा मऊपणा, अर्धा पिक्सेल. शून्य फेदर ठेवला तर मूर्ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. तीन-चार ठेवला तर मुकुटाचं टोक विरघळतं.

प्रभावळीची जाळी हा वेगळा प्रकार. हल्ली एका बटणावर पार्श्वभूमी काढणारी साधनं फोटोशॉपमध्ये आणि मोबाइलवरही आहेत. बाहेरचा आकार ती झटकन काढतात, पण जाळीतली भोकं, हात आणि पोट यांमधली फट, परशूच्या दांड्यामागची जागा अशा ठिकाणी भिंतीचे पांढरे तुकडे तसेच राहतात. तिथे आधी प्रभावळीभोवती लॅसोने, म्हणजे हाताने रेघ ओढून, ढोबळ निवड करावी. मग वाँडची ‘कंटिग्युअस’ची (फक्त सलग भाग निवडण्याची) खूण काढून, ‘इंटरसेक्ट’ (आधीच्या निवडीच्या आतलंच निवडणं) ठेवून भिंतीवर क्लिक करावं. जाळीतली सगळी भोकं एकाच वेळी निवडली जातात आणि मोत्यांच्या हारापर्यंत निवड पोहोचत नाही.

दूर्वा, चवरीचे केस, उपरण्याचे सुटे धागे यांना पाथ मारता येत नाही. त्यांच्यासाठी ‘सिलेक्ट अँड मास्क’मधला रिफाइन एज ब्रश आहे. तो फक्त केसांच्या पट्ट्यावर फिरवायचा. मुकुटासारख्या कडक काठावर फिरवला, तर तिथे उगाच धूसर पट्टा तयार होतो. जुनी रीत आजही तितकीच चांगली : चॅनल्समध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा यांतला जिथे दूर्वा आणि भिंत यांत सर्वांत जास्त फरक दिसतो तो चॅनल शोधायचा. हिरव्या दूर्वांसाठी बहुतेकदा निळा चॅनल. त्याची प्रत काढून लेव्हल्सने (उजेड-काळोख बदलणाऱ्या साधनाने) काळं-पांढरं ताणायचं, आणि गरजेप्रमाणे उलटं करून तीच प्रत मास्क म्हणून वापरायची.

समईची ज्योत आणि उदबत्तीचा धूर कापायला जाऊ नये. काळ्या पार्श्वभूमीवर काढलेला धुराचा फोटो वर ठेवून ब्लेंड मोड (थर मिसळण्याची पद्धत) ‘स्क्रीन’ केला, की काळं आपोआप नाहीसं होतं आणि फक्त धूर राहतो. सावलीसाठी याच्या उलट, ‘मल्टिप्लाय’.

(पडदा: भगव्यावर ठेवलेली कापलेली मूर्ती. ४०० टक्के मोठी. मुकुटाभोवती बारीक पांढरी रेघ.)

आणि आता ही रेघ. इतकं नीट कापूनही ती राहते, आणि बहुतेक डिझाइनर तिच्यापुढे हात टेकतात. ती का येते, हे आकड्यांतच पाहावं लागतं.

मुकुटाचा सोनेरी रंग धरा २००, १५०, ४०. भिंत २५५, २५५, २५५. अगदी काठावरच्या पिक्सेलवर अर्धा मुकुट आणि अर्धी भिंत पडली आहे, त्यामुळे कॅमेऱ्याने तिथे मिश्रण टिपलं : साधारण २२८, २०३, १४८. मास्कने त्या पिक्सेलला अर्धा अल्फा दिला. अल्फा अगदी बरोबर आहे. पण पिक्सेलच्या रंगात भिंत अजून मुरलेली आहे. हा पिक्सेल गडद लाल रंगावर, म्हणजे १५०, ०, २० वर ठेवला, की मिळतं १८९, १०२, ८४. शुद्ध सोनेरी रंग असता, तर मिळालं असतं १७५, ७५, ३०. निळ्याचा आकडा ३० ऐवजी ८४. डोळ्याला तीच फिकट रेघ दिसते.

म्हणजे दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतात, अल्फा आणि काठाचा रंग. मास्क कितीही घासला तरी रंग सुधारत नाही, फक्त काठ आत सरकत जातो आणि मुकुट बारीक होतो. रंगासाठी फोटोशॉपच्या लेअर मेनूत ‘मॅटिंग’ आहे. पांढऱ्या भिंतीवरून काढलेल्या थरासाठी ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’, काळ्यावरून काढलेल्यासाठी ‘रिमूव्ह ब्लॅक मॅट’. भिंत दुसऱ्या रंगाची असेल तर ‘डीफ्रिंज’, एक पिक्सेल, फार तर दोन. ‘सिलेक्ट अँड मास्क’मधलं ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ही हेच करतं, पण ते पिक्सेलचे रंग खरोखर बदलतं, म्हणून निकाल नव्या थरावर येतो. मूळ थर पुसू नका.

गिंपमधलं ‘कलर टू अल्फा’ तर दोन्ही कामं एकदम करतं : पांढरा जितका मिसळला आहे तितकी पारदर्शकता देतं आणि उरलेल्या रंगातून पांढरा वजा करतं. कागदावरची निळी सही किंवा गोल शिक्का काढायला याहून चांगलं साधन नाही. मात्र मोबाइलने काढलेल्या फोटोत कागद पांढरा नसतो, करडा-पिवळा असतो. आधी लेव्हल्सने कागद खरा पांढरा करून घ्यावा. मूर्तीवर हे साधन चालवू नये, मोती आणि दातही पारदर्शक होतात.

फोटो काढणाराच हे काम निम्मं हलकं करू शकतो. मूर्ती भिंतीपासून दीड मीटर पुढे घेतली, तर भिंतीचा उजेड कडांवर पडत नाही. फ्लेक्स लाल-भगवा होणार हे ठरलं असेल, तर मागे पांढऱ्याऐवजी मध्यम करडा पडदा लावावा. काठात करडा मुरला तरी गडद रंगावर तो पांढऱ्याइतका उठून दिसत नाही.

(पडदा: कोरलड्रॉ. अर्धपारदर्शक वर्तुळं एकमेकांवर.)

महाराष्ट्रातल्या कित्येक दुकानांत शेवटची मांडणी कोरलड्रॉमध्ये होते. तिथे पारदर्शकतेबाबत एक घोटाळा नेहमी होतो. ५० टक्के पारदर्शक असे दोन आकार एकमेकांवर आले, की तिथे पूर्ण भरीवपणा येईल अशी अपेक्षा असते. येतो ७५ टक्के. पहिला निम्मं झाकतो, दुसरा उरलेल्याचं निम्मं. मंडळाच्या नावाची अक्षरं फिकट करायची असतील आणि ती एकमेकांत गुंतलेली असतील, तर प्रत्येक अक्षराला वेगळी पारदर्शकता दिल्यावर जोडांवर गडद ठिगळं दिसतात. आधी अक्षरं एकत्र जोडा, मग पारदर्शकता द्या. मूर्ती आणि सावली एकत्र बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) करताना ‘ट्रान्सपरंट बॅकग्राउंड’ची खूण करायची विसरली, तर पांढरा चौकोन परत येतो.

फाइल जतन करताना बरीच मेहनत वाया जाते. जेपीजीत अल्फा साठवताच येत नाही. जीआयएफमध्ये एकच रंग पूर्ण पारदर्शक करता येतो, अर्धवट काही नाही, म्हणून कडा दातेरी होतात. १९९६ मध्ये आलेल्या पीएनजीत पूर्ण अल्फा आहे, वेबपी आणि टिफमध्येही आहे. पीएनजीत सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, नसतात, त्यामुळे ऑफसेटच्या कामाला पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) किंवा टिफ द्यावी. छपाईची पीडीएफ एक्स-१ए प्रकारची असेल तर त्यात पारदर्शकता चालत नाही, ती आधी सपाट (सगळं एकाच थरात) करावी लागते. एक्स-४ मध्ये चालते. सपाट केलेल्या पीडीएफमध्ये कधी कधी पडद्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. झूम बदलल्यावर त्या जागच्या हलल्या किंवा गेल्या, तर त्या फक्त पडद्यावरच्या असतात, छपाईत येत नाहीत.

पीएनजी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर वाटेत तिचं जेपीजी होतं आणि पारदर्शक भाग काळा किंवा पांढरा भरून पोहोचतो. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी.

(पडदा: छापून झालेला फ्लेक्स. फूटपट्टी मुकुटाच्या कडेला लावलेली.)

१२०० पिक्सेल उंचीची मूर्ती फ्लेक्सवर सहा फूट छापली, तर एक पिक्सेल दीड मिलीमीटरचा होतो. दोन पिक्सेलची राहिलेली पांढरी रेघ छापून तीन मिलीमीटर होते आणि रस्त्याच्या पलीकडून दिसते. म्हणून कापायचं ते मूळ, पूर्ण आकाराच्या फोटोवर, व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रतीवर कधीच नाही.

छपाईला देण्याआधी मूर्तीच्या खाली तीन थर टाकून पाहावेत : पूर्ण काळा, भडक गुलाबी आणि प्रत्यक्ष डिझाइनचा रंग. काळ्यावर पांढरी रेघ सापडते. गुलाबीवर जाळीतले विसरलेले तुकडे आणि मूर्तीला चुकून पडलेली भोकं. शेवटी ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक करावं. पडद्यावर फक्त काळं-पांढरं उरतं, आणि काळ्यात विखुरलेले करडे ठिपके स्पष्ट दिसतात. ते काळ्या ब्रशने पुसावेत आणि मास्कसकट पीएसडी ठेवून द्यावी. पुढच्या वर्षी मंडळ हाच फोटो हिरव्या फ्लेक्सवर मागेल, तेव्हा पुन्हा पाथ मारायला नको.

(पडदा: काळा. पांढऱ्या मास्कमध्ये मूर्तीची आकृती.)