जामखेडची टीम, जिची सुरुवात गावातल्या बाईपासून होते

ही ताई, गावातलं आरोग्याचं काम बघणारी. सकाळचे आठ वाजलेत, खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन आणि वजनाचा काटा. ताई ह्याच गावची सून. पहिल्याच घरात चुलीपाशी टेकली बघा, आधी चहा झाला, मग बोलता बोलता गरोदर पोरीच्या पायावर बोट दाबून बघितलं, सूज आहे का.

गावागावातल्या ह्या आरोग्याच्या कामाची सुरुवात 1970 ची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं नवराबायको, वेल्लोरला डॉक्टर झालेले, अमेरिकेत पब्लिक हेल्थ शिकून आले ते थेट जामखेडला, तेव्हाचा नगर जिल्हा, कायमचा दुष्काळी भाग. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवून बघितल्या. नाही जमलं. बाहेरची पोरगी, एकटी, बायाबापड्या तिच्याशी मोकळं बोलेनात. मग गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. आल्या त्यातल्या कित्येकींना लिहिता वाचता येत नव्हतं, काही दलित वस्तीतल्या, आणि ट्रेनिंगला सगळ्या जातीच्या बाया एकत्र राहणार, एकत्र जेवणार, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मला तर वाटतं औषधगोळ्यांच्या आधी खरं ट्रेनिंग हेच.

हा हापसा. तेव्हा बोअर घेताना आरोळ्यांनी आग्रह धरला की पाणी दलित वस्तीत लागू दे, मग सगळ्या गावाला पाण्याला तिकडंच यावं लागलं. हे पण आरोग्याचंच काम.

आता जामखेडहून टीमची जीप आली. नर्स, सोशल वर्कर, पॅरामेडिक, लागला तर डॉक्टर. उतरल्या उतरल्या नर्स ताईलाच विचारतेय, आज कुठं कुठं जायचं? कारण टीबीच्या गोळ्या कोण सोडतंय आणि का सोडतंय हे ताईलाच माहीत, मग घरातल्या भांडणाचं सोशल वर्कर बघणार, बीपीचं नर्स, आणि अवघड बाळंतपण असलं तर सरळ जामखेडचा दवाखाना. ह्यात कोण मोठं कोण छोटं असं काही दिसत नाही, निदान आम्हाला तरी शूटिंगमध्ये दिसलं नाही.

1979 ला दोघांना ह्या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवातीला हजारात 176 बाळं वर्षाच्या आत जायची, पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला.

जीप निघाली. ताई ओट्यावर काटा गुंडाळतेय. एक बाळ वजनाचं राहिलंय, आईबरोबर मळ्यात गेलंय. ती तिकडंच चाललीय.