हजेरीत नाव नाही

[दृश्य : परशुराम घाट, ड्रोनमधून. टँकरची रांग. वरच्या सपाटीवर कारखान्यांच्या चिमण्या.]

चिपळूणहून घाट चढून वर आलं, परशुरामाचं देऊळ मागे पडलं की वास येतो. रोज ये-जा करणाऱ्याच्या तो नाकातही शिरत नाही. पाहुणा मात्र गाडीची काच वर करतो. ही लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत, तालुका खेड. औषधं, कीटकनाशकं, रंग यांना लागणारी रसायनं इथे बनतात. उत्तरेला कशेडी घाट ओलांडला की महाड, त्यापुढे रोहा.

मार्च २०२१ मध्ये लोट्यात स्फोट झाला, कामगार दगावले. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाडच्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, ११ कामगार गेले. त्या दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. आम्ही पोचलो ते पुष्कळ नंतर, दुसऱ्याच एका स्फोटात जखमी झालेल्या माणसाच्या ओटीवर. दावा चालू आहे, म्हणून त्याचं नाव, वाडीचं नाव आणि कंपनीचं नाव इथे येणार नाही.

[दृश्य : ओटी. प्लास्टिकची पिशवी उघडतात. कागद एकेक करून जमिनीवर.]

डिस्चार्ज कार्ड. औषधांची बिलं. पोलिसांच्या पंचनाम्याची झेरॉक्स. आणि हा गेटपास. लॅमिनेशनची एक कड वितळून आत वळलेली आहे, फोटोतला चेहरा अर्धाच उरलाय. खाली ठेकेदाराचा शिक्का मात्र स्वच्छ वाचता येतो.

हा माणूस ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागला होता. वय ३५. रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरचं (रसायनांची क्रिया घडवायच्या बंद भांड्याचं) तापमान चढत गेलं. थंड पाण्याचा पुरवठा पुरा पडला नाही, की आत माल टाकण्याचा वेग चुकला, ते तपासात ठरेल. अशी रासायनिक क्रिया एकदा स्वतःच्याच उष्णतेवर धावायला लागली की दाब वाढायला फार वेळ लागत नाही. झाकण उडालं. उजवा हात, मान आणि पाठ भाजली.

[दृश्य : उजवा हात, जवळून. मूठ वळवायचा प्रयत्न.]

“आता मूठ मिटत नाय,” एवढंच ते म्हणाले.

बोटांवरच्या रेषा गेल्यात. रेशन दुकानातलं यंत्र अंगठा घेत नाही, म्हणून आता बायको जाते.

[दृश्य : कारखान्याचं गेट, बाहेरून. पहारेकरी. बंद शटरचं चहाचं दुकान.]

स्फोटानंतर या गेटवर काय होतं, हे इथल्या कोणालाही विचारा. गाव जमतं. पुढारी येतात. मृतदेह ताब्यात घेणार नाही, असं नातेवाईक सांगतात, आणि मग आत बैठक बसते. बाहेर येताना आकडा ठरलेला असतो. दुसरीकडे सरकार मदत जाहीर करतं, तो आकडा वेगळा. वर्तमानपत्रात दोन्ही छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, झाली भरपाई.

या दोन्हींपैकी एकही कायद्यातली भरपाई नाही. सरकारची मदत हे सानुग्रह अनुदान, म्हणजे मर्जीचं देणं. गेटवरचा आकडा म्हणजे तडजोड. कायद्यातला पैसा तिसरा, आणि तो मागावा लागतो.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा इंग्रजांच्या काळातला असला तरी गेटवरच्या व्यवहाराचा त्याला पुरता अंदाज होता. कामगार दगावला असेल तर मालकाने भरपाई थेट घरच्यांच्या हातात द्यायची नाही, या कायद्याखाली असे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची, असं त्याचं कलम ८ सांगतं. आगाऊ म्हणून फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम देता येते. कामगार जखमी असेल आणि एकरकमी तडजोड झाली, तर तो करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी आहे किंवा दडपणाखाली सही घेतली आहे असं दिसलं, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. आणि ‘यापुढे माझा काही हक्क नाही’ असं लिहून घेतलेला कागद कलम १७ प्रमाणे हक्क मारू शकत नाही.

इस्पितळात, बँडेज बांधलेल्या हाताखाली पॅड सरकवून घेतलेल्या अशा सह्या आम्ही पाहिल्या. सही म्हणजे डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. या कागदांना घाबरून दावाच न लावणारे किती असतील, याची मोजदाद कोण करणार?

[दृश्य : वकिलांचं ऑफिस. वहीचं पान, पेन, आकडेमोड.]

आता हिशेब. हे पान थोडं थांबून बघा.

कामगार कायमचा पूर्ण अक्षम झाला तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. मृत्यू झाला तर ६० च्या जागी ५० टक्के. ३५ व्या वर्षाचा गुणक आहे १९७.०६. पगार कितीही असो, जानेवारी २०२० पासून हिशेबात महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. १५,००० चे ६० टक्के ९,०००. गुणिले १९७.०६. झाले १७,७३,५४०.

पण ठेकेदाराच्या रजिस्टरात पगार ९,००० लिहिलेला आहे. उरलेले पैसे रोख, पाकिटातून. तोच माणूस, तोच हात, आणि रक्कम येते १०,६४,१२४. सात लाखांहून जास्त फरक, केवळ रजिस्टरातल्या एका रकान्यामुळे. रोखीचा पगार घेताना कोणी पावती मागत नाही, मागितली तर दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. म्हणून साक्षीदार लागतात: बरोबर काम करणारे, त्याच पाकिटातून पगार घेणारे. ते अजून त्याच ठेकेदाराकडे आहेत.

दुसरी मारामारी टक्क्यांची. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता आहे. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४० टक्के, अंगठा गेला तर ३०. चेहरा अतिशय विद्रूप झाला तर १००. पण भाजलेल्या, आखडलेल्या हाताची त्यात वेगळी ओळ नाही. तिथे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि ठरवायचं ते कमावण्याची ताकद किती गेली हे. सिव्हिलमधून मिळणाऱ्या अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के निराळे. ते शरीराचे असतात. या दोन्हींची गल्लत झाली की दावा तिथेच आकसतो. सुतारकाम करणाऱ्या एका कामगाराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा तो आता सुतारकाम करूच शकत नाही म्हणून त्याचं नुकसान पूर्ण, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच म्हटलंय. मूठ न मिटणाऱ्या हेल्परने ड्रम कसा उचलायचा, हा प्रश्न त्याच जातीचा.

कंपनीचं उत्तर काय? फाइलमध्ये आहे. पहिलं वाक्य : सदर इसम आमचा कामगार नाही.

[दृश्य : उत्तराची प्रत. त्या वाक्यावर कॅमेरा.]

तो ठेकेदाराचा, असं त्यांचं म्हणणं. ठेकेदार म्हणतो, त्या रात्री त्याची पाळीच नव्हती. हजेरीच्या मस्टरमध्ये नाव नाही. कायद्याचं कलम १२ याच पळवाटेसाठी आहे: काम कंपनीच्या धंद्याचं असेल आणि तिच्या आवारात चाललं असेल, तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, त्याने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. चूक कोणाची होती हा प्रश्नच येत नाही. मास्क नव्हता, लक्ष नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही. सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला हे दाखवावं लागतं, आणि मृत्यू किंवा कायमची पूर्ण अक्षमता असेल तर तोही बचाव चालत नाही.

त्यामुळे सगळा खटला येऊन टेकतो एका गोष्टीवर: तुम्ही त्या रात्री गेटच्या आत होतात का? कड वितळलेला हा गेटपास म्हणून महत्त्वाचा. रुग्णवाहिकेची नोंद, इस्पितळाने पोलिसांना कळवलेली खबर, पंचनाम्यातलं नाव हे सगळं पहिल्या आठवड्यात हाताशी असतं. नंतर शोधावं लागतं.

ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्यांचा रस्ता वेगळा. त्यांना उपचार आणि सरासरी रोजाच्या ९० टक्क्यांच्या दराने महिन्याचा लाभ तिकडून मिळतो, पण मालकाविरुद्ध हा दावा करता येत नाही.

[दृश्य : शेजारची वाडी. भिंतीला तडा. अंगणात फुटलेल्या कौलांचा ढीग.]

कुंपणाबाहेरच्यांसाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पाच वर्षांच्या आत. कायदा झाला तेव्हा मृत्यूसाठी धरलेली रक्कम होती २५,००० रुपये. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडेही पाच वर्षांत जाता येतं. या वाडीतून अजून कोणी गेलेलं नाही.

[दृश्य : एसटी स्टँड. मुंबईच्या गाडीत चढणारी माणसं.]

कामगारांच्या दाव्याला मुदत दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ते कारण पटवावं लागतं. भाजलेला माणूस मुंबई-नवी मुंबईत उपचार घेतो, मग नालासोपाऱ्यात भावाच्या खोलीवर राहतो. परराज्यातला असेल तर गावी जातो. तारखेला यायला गाडीभाडं नाही म्हणून प्रकरण सुटतं. खरं तर दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असं नाही. दावेदार राहतो त्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही तो लावता येतो. चाकरमान्यांच्या कोकणात ही गोष्ट गावोगावच्या फलकावर लिहायला हवी होती, ती आम्हाला एकाही फलकावर दिसली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय. आमच्या माणसाचा अपघात त्याआधीचा, म्हणून त्याचा दावा जुन्या कायद्याने चालेल. नव्या व्यवस्थेत कारखान्याच्या सुरक्षेच्या खटल्यात झालेल्या दंडातला निदान निम्मा भाग पीडिताला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. आजवर तो दंड सरकारजमा होत आला.

[दृश्य : न्यायालयाचा जिना. वकील फाइल घेऊन वर जातात.]

भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबब नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. निकालाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर आधी सगळी रक्कम आयुक्तांकडे भरल्याचा दाखला जोडावा लागतो. ठेकेदाराने परवा पाठवलेला माणूस दोन लाख रोख घेऊन आला होता, त्याला ओटीवरूनच परत पाठवलं. पुढच्या तारखेला सुरक्षारक्षकाची साक्ष आहे, आणि गेटवरचं रजिस्टर घेऊन यायला त्याला सांगितलंय.