आजोळच्या पिंजऱ्यातली मैना

श्रोतेहो, नमस्कार. भय आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, मालिकेचा शेवट मनाला केव्हा पटतो, याविषयी मी आज ‘अनदर’ या जपानी मालिकेच्या आधारे बोलणार आहे. युकितो आयात्सुजी यांच्या २००९ मधील कादंबरीवर बेतलेली ही बारा भागांची मालिका त्सुतोमु मिझुशिमा यांनी दिग्दर्शित केली आणि ती २०१२ मध्ये प्रसारित झाली. तिचे रहस्य मला येथे उघड करावे लागणार आहे. ज्यांना ती अजून पाहायची आहे त्यांनी हे भाषण नंतर ऐकावे, अशी मनापासून विनंती.

१९९८ साली कोइची साकाकिबारा हा मुलगा योमियामा येथे आजोळी राहायला येतो आणि तिथल्या माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या तुकडीत दाखल होतो. या तुकडीवर पंचवीस वर्षांपासून एक सावट आहे. काही वर्षी तिच्यात एक माणूस जास्तीचा येतो. तो पूर्वीच मेलेला असतो, पण हे इतरांना तर नाहीच, त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, कारण कागदपत्रे आणि सर्वांच्या आठवणी त्याला सामावून घेण्यासाठी बदललेल्या असतात. अशा वर्षी दर महिन्याला मुले किंवा त्यांचे जवळचे नातलग मरत राहतात. यंदा मात्र वर्षाच्या आरंभी वर्गातली बाके बरोबर भरली होती, त्यामुळे हे वर्ष सुखरूप जाईल असे सर्वांनी गृहीत धरले होते.

जास्तीचे टेबल लागले होते ते शिक्षकांच्या खोलीत. वर्गाच्या साहाय्यक शिक्षिका मिकामी बाई म्हणजेच कोइचीची रेइको मावशी, आणि तीच ती मृत व्यक्ती. हे कळताच मला आठवली ती आजोळच्या पिंजऱ्यातली मैना. ती पहिल्यापासून ‘रेई-चान, असे का?’ म्हणत असते; ‘चान’ हा जपानीतला लाडाचा प्रत्यय. त्या पक्ष्याचे नावही रेईच असल्यामुळे तो स्वतःलाच हाक मारतो आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः रेइको ही लेक गमावलेल्या घरातला विलाप त्याने ऐकून ऐकून पाठ केलेला असतो. शेवट पटण्याचे खरे कारण मला इथे सापडते: उत्तर ऐनवेळी बाहेरून आणलेले नसते, ते आपल्या कानांवर कितीदा पडून गेलेले असते, आणि ते समजल्यावर आधीचे साधे घरगुती प्रसंगच अधिक भयाण वाटू लागतात.

पण नुसता कोड्याचा उलगडा पुरत नाही. आपल्याकडे ‘माय मरो, मावशी जगो’ असे म्हणतात. कोइचीची आई तो तान्हा असतानाच याच गावात वारली होती, आणि आईच्या मायेचे जे काही त्याच्या वाट्याला उरले होते ते या मावशीतच होते. मृताला मृत्यूकडे परत पाठवणे हाच उपाय असल्याचे त्याला ठाऊक असते, म्हणून आगीने वेढलेल्या जागी ढिगाऱ्याखाली अडकलेल्या तिच्यावर त्यालाच टिकाव उगारावा लागतो. ते उत्तर त्याला इतके महाग पडते म्हणूनच ते खरे वाटते.

या शेवटात मला दोष दिसत नाही असे नाही. त्याच रात्री वर्गमित्र एकमेकांच्या जिवावर उठतात तो भाग फारच ताणलेला आहे. मेइ मिसाकी या मुलीच्या बाहुलीच्या डोळ्याला मृत्यूचा रंग दिसतो, ही सोयही मला खटकते. मैनेने आणि टेबलाने जे प्रामाणिकपणे कमावले होते ते तिच्यामुळे थोडे स्वस्त होते.

तरीही मालिका सावट कायमचे मिटवत नाही, हे तिने फार चांगले केले आहे. पंधरा वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, एका विद्यार्थ्याने असाच प्रसंग निभावला होता आणि आपण हे विसरणार हे ओळखून सारे ध्वनिफितीवर बोलून ठेवले होते. आता मिकामी बाईंचे ते शेवटचे वर्ष इतरांच्या आठवणीतून पुसले गेले आहे. कोइची आणि मेइला ते अजून आठवते, पण काही काळाने त्यांनाही आठवणार नाही.