किती टन वाटलं, हे सगळ्यात वर नको

मंडळी, थेट विषयालाच हात घालते. फूड बँकेत, म्हणजे दान आलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेत, आपण सगळ्यात आधी कुठला आकडा सांगतो? या महिन्यात इतके टन अन्न वाटलं. बरं वाटतं ऐकायला, पण त्यावरून उद्या सकाळी गाडी कुठं पाठवायची ते कळतं का? नाही ना? मग डॅशबोर्डवर, म्हणजे आपले सगळे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनवर, तो सगळ्यात वर कशाला?

वजनाचं असं आहे बघा. अमेरिकेत फीडिंग अमेरिका ही देशभरातल्या फूड बँकांची संस्था १.२ पाउंड, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम अन्न बरोबर एक जेवण, असा हिशोब धरते. ढोबळ अंदाजाला ठीक आहे, पण तराजूला ज्यूसचे खोके आणि कडधान्याचं पोतं सारखंच.

याच संस्थेत २००५ च्या आधी माल वाटायचा तो रांगेने आणि वजनावर, कुठल्या फूड बँकेकडे आधीच काय पडलंय हे वरच्या ऑफिसला माहीतच नसायचं, त्यामुळे बटाटे पिकतात त्या भागातल्या फूड बँकेलाही बटाटेच देऊ केले जायचे. मग प्रत्येकीला गरजेप्रमाणे आभासी चलन दिलं आणि सांगितलं, हवं त्यावर बोली लावा. खरी माहिती खालच्या माणसांकडे होती, ती वापरायची सोय झाली, इतकंच. इंटरॅक्टिव्ह डॅशबोर्ड म्हणजे मला हेच वाटतं, रंगीत चार्ट नाहीत, तर गोदामातल्या माणसाला स्वतःचा प्रश्न विचारता यायला हवा.

समजा सकाळचे आठ वाजलेत, दह्याची खोकी आलीत आणि मुदत उरलीय चार दिवस. गोदामातली बाई डॅशबोर्डवर फिल्टर लावते, फ्रिज असलेली वाटप केंद्रं, परवापर्यंत वाटप असलेली, आणि गरजू माणसामागे सगळ्यात कमी अन्न पोचलेली. पंचवीसातली तीन उरतात. आता तिसऱ्या केंद्रावर क्लिक केलं तर गेल्या महिन्यात शून्य! इथं थांबायचं, लगेच गाडी पाठवायची नाही. हे शून्य म्हणजे माल गेला नाही, की गेला पण पावती ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवरच (गाडीच्या हो, आपल्या नाही) पडून राहिली? रिकामी नोंद आणि खरं शून्य हे दोन्ही स्क्रीनवर वेगळे दिसलेच पाहिजेत, ह्यावर मी अजिबात तडजोड करत नाही, कारण चुकीच्या शून्यामुळे एकीकडे दही दुप्पट जातं आणि दुसरीकडे कुणीतरी रिकामी पिशवी घेऊन परत जातं.

आणि खरंच शून्य असेल तर केंद्राला फोन करा. बऱ्याचदा कळतं की फ्रिज बंद पडलाय, किंवा माल उतरवायला माणसंच नाहीत. मग तिथं दही पाठवून उपयोग नाही, आधी फ्रिज दुरुस्त करायला हवा, आणि तोपर्यंत टिकाऊ माल. फोनवर जे कळलं ते त्याच केंद्राच्या नोंदीत, तारखेसकट, तिथल्या तिथं टाका, म्हणजे दुपारच्या पाळीतला माणूस पुन्हा तोच फोन करणार नाही.