शंभर टक्के, पण किती मुलांचे?

नमस्कार श्रोतेहो. दहावीचा निकाल लागला की आमच्या एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स झळकतात. 'यशाची परंपरा कायम! १०० टक्के निकाल!' आणि खाली मुलांचे फोटो. एका वर्षी तिथंच आमच्या शेजारचा मुलगा भेटला. म्हटलं, "तुमच्या शाळेनं नाव काढलं की रे!" तो खाली बघत म्हणाला, "काका, मी त्यात नाही. मला सतरा नंबर भरायला लावला."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची सोय. शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या मुलांना तिचा मोठा आधार आहे. पण नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईवडिलांना बोलावून दाखला हातात दिला जातो, तेव्हा तीच सोय पळवाट होते. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ वेगळा मांडतं. मूल नापास झालं तरी शाळेच्या टक्केवारीला धक्का लागत नाही. या मुलाला शिकवण्याऐवजी वगळलं, याचा मला आजही राग येतो.

मंडळाच्या विभागांचंही तसंच. २०२५ च्या दहावीत कोकण ९८.८२ टक्के, नागपूर ९०.७८. लगेच बातमी, 'कोकण अव्वल'. कोकणातल्या मुलांचं कौतुक आहेच. पण त्या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. नागपूर विभागात गडचिरोली धरून सहा. हे त्या आकड्याशेजारी कुणी छापत नाही.

खरं तर माहिती लपलेली नाही. प्रत्येक शाळेला यूडायस, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीतला, ११ अंकी क्रमांक असतो, आपल्या राज्यातला २७ ने सुरू होतो. त्यावरून कोणत्या इयत्तेत किती मुलं आहेत, हे कुणालाही पाहता येतं. दहावीचा निकाल मात्र मंडळाकडे, तिथं शाळेचा सांकेतांक निराळा. नववीचा पट एका दप्तरात, दहावीचा निकाल दुसऱ्या. हे दोन आकडे शाळेनिहाय एका ओळीत छापावेत, आणि त्यांच्याशेजारी सतरा नंबर भरलेल्यांचा तिसरा, एवढीच माझी मागणी आहे. नववीतून गेलेलं प्रत्येक मूल शाळेनंच काढलेलं असतं असं नाही. कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं, कुणा मुलीचं लग्न लावून दिलेलं असतं. तेही त्या ओळीतूनच कळेल.

तोवर पालकसभेत उठून विचारा: गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती, त्यातली दहावीला किती बसली, उरलेली कुठे आहेत? मी विचारलं तेव्हा मुख्याध्यापक क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी शिपायाला नववीचा हजेरीपट आणायला सांगितला, आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली.