आमचा राग नुसत्या हरण्यावर नाहीये

आमच्या लंडनच्या फुटबॉल क्लबचा, टॉटनहॅमचा, विषय निघाला की लोक मला पहिलं हेच म्हणतात, अरे एवढं भारी स्टेडियम दिलं त्या माणसाने, अजून काय पाहिजे तुम्हाला? दिलंच की. डॅनियल लेव्ही २००१ मध्ये चेअरमन झाले तेव्हा आम्ही साधारण छत्तीस हजारांच्या जुन्या ग्राउंडवर खेळायचो, २०१९ ला ६२,८५० सीट्सचं नवीन उभं राहिलं, त्याचं श्रेय त्यांचंच.

पण मंडळी, २०१८ चा उन्हाळा आठवा. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, तिसरे आलेलो, पोचेटिनो कोच, आमचे गोल करणारे केन आणि सॉन जोरात, आता दोनतीन चांगले प्लेअर आणले की झालं असं आम्हाला वाटत होतं आणि क्लबने एकही घेतला नाही. एकही! प्रीमियर लीगमध्ये समर विंडो, म्हणजे उन्हाळ्यात प्लेअर घ्यायची-विकायची ठरलेली मुदत, आल्यापासून असं कुठल्याच क्लबने केलं नव्हतं. जानेवारीतही कुणी नाही, तरी तीच दमलेली पोरं चॅम्पियन्स लीगच्या, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, फायनलपर्यंत गेली, माद्रिदला लिव्हरपूलकडून २-० हरली आणि नोव्हेंबरात पोचेटिनोलाच काढलं. ती टीम परत तशी झाली नाही, मला अजून त्रास होतो त्याचा.

मग कोच म्हणून मोरिन्यो आले. त्यांना एप्रिल २०२१ मध्ये काढलं, लीग कपची फायनल सहा दिवसांवर असताना, आणि वेम्बलीवर टीम घेऊन उभा कोण तर २९ वर्षांचा हंगामी कोच रायन मेसन. त्याच आठवड्यात सुपर लीगची, युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची, घोषणा झाली, बारा क्लबांत आमचंही नाव, आणि आम्हाला ते बातम्यांतून कळलं. क्लबच्या ब्रीदवाक्याचा अर्थ आहे, धाडस करणं म्हणजेच करून दाखवणं. ते वाचतच आम्ही मोठे झालो, म्हणून जास्त लागतं.

म्हाताऱ्या माणसांच्या तिकिटाची सवलत कमी करायचं २०२४ मध्ये ठरलं, ते तर मला अजिबात पटलं नाही, चाळीस-पन्नास वर्षं येणारी माणसं आहेत ती.

आता जर्मनीत बघा, तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं मेंबरांकडे असतात, बार्सिलोनात मेंबरांनी अविश्वासासाठी सह्या गोळा केल्या आणि २०२० मध्ये अध्यक्ष बार्तोमेउंना मतदानाआधीच राजीनामा द्यावा लागला. आमच्याकडे काय, बॅनर आणि घोषणा. क्लब बदल म्हणावं तर ते कुणालाच जमत नाही, तिकीट घेऊ नको म्हणावं तर वडिलांच्या शेजारची सीट सोडायची कशी?

२१ मे २०२५ ला बिलबाओत मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग, युरोपातली दुसऱ्या नंबरची क्लब स्पर्धा, जिंकलो, सतरा वर्षांनी ट्रॉफी, माणसं रडली हो. लीगमध्ये सतरावे होतो हेही खरंय, पण सोळा दिवसांनी कोच पोस्टेकोग्लूंना काढलं, आनंद नीट संपलाही नव्हता.

सप्टेंबरात लेव्हींनी पद सोडलं. आमच्यातले बरेच जण त्या दिवशी खूश झाले, मीही झालो, आणि मग लगेच नवा चेअरमन आला, त्यालाही आमच्यापैकी कुणी मत दिलेलं नाही.