तीन डॉक्टर, एक दार आणि चारशे वर्षांचं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

२३ नोव्हेंबर २०१३ रोजी लंडनमध्ये संध्याकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती. आपल्या घड्याळात तेव्हा २४ तारीख लागून रात्रीचे एक वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या क्षणी ९४ देशांत एकाच वेळी एकच कथा दाखवायला सुरुवात झाली आणि गिनेस बुकात विक्रमाची नोंद झाली. कार्यक्रम होता बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेचा पन्नासाव्या वर्षाचा विशेष भाग, 'द डे ऑफ द डॉक्टर'. लेखक स्टीव्हन मॉफट, दिग्दर्शक निक हरन. आज मी त्याच्या पटकथेबद्दल बोलणार आहे आणि शेवटही सांगणार आहे. त्या शेवटाची बांधणी कशी केली आहे हाच माझा विषय आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी ओळख. डॉक्टर हा गॅलिफ्रे ग्रहावरचा टाइम लॉर्ड, म्हणजे काळावर ताबा असलेल्या जमातीतला. साठच्या दशकात लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करण्यासाठी निळ्या खोल्या असत, तशा दिसणाऱ्या टारडिस नावाच्या यानातून तो काळात हिंडतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो. ही सोय १९६६ मध्ये केली गेली, कारण पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ चा, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशीचा. त्याचं दिग्दर्शन केलं होतं लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. इतक्या इंग्रजी मानल्या जाणाऱ्या मालिकेच्या पायाभरणीत आपल्या मातीतला माणूस होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता वाढदिवसाच्या भागांची अडचण. असा भाग लिहायचा म्हणजे जुन्या मंडळींना बोलवायचं. प्रत्येकाला प्रवेश हवा, टाळ्यांचं वाक्य हवं, निरोप हवा. पाहुणे वाढले की कथेला जागाच उरत नाही. १९८३ चा 'द फाइव्ह डॉक्टर्स' बघा. नव्वद मिनिटं, लेखक टेरन्स डिक्स. हार्टनेल १९७५ मध्ये वारले होते, म्हणून पहिल्या डॉक्टरच्या भूमिकेत रिचर्ड हर्न्डल आले. टॉम बेकर यांनी नकार दिला, म्हणून संपामुळे १९७९ मध्ये अर्धवट राहिलेल्या एका कथेचं जुनं चित्रण वापरून त्यांची हजेरी लावली. बाकीचे डॉक्टर वेगवेगळ्या वाटांनी एकाच थडग्याकडे चालत राहतात आणि एकत्र भेटतात ते अगदी शेवटाकडे. त्या भागावर माझं प्रेम आहे. पण त्यात डॉक्टरच्या आयुष्यात काहीही बदलत नाही. पाहुणे आले, जेवले, गेले.

मॉफट यांनी पाहुणे कमी केले आणि त्यांच्यावर काम सोपवलं. प्रमुख डॉक्टर तीनच: त्या वेळचा मॅट स्मिथ, आधीचा डेव्हिड टेनंट, आणि तिसरा त्या वर्षापर्यंत कुणालाच ठाऊक नसलेला, जॉन हर्ट यांनी साकारलेला. २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा सुरू केली तेव्हापासून सांगितलं जात होतं की डालेक या शत्रू जमातीबरोबरचं महायुद्ध संपवण्यासाठी डॉक्टरनं आपलाच ग्रह, लेकराबाळांसकट, नष्ट केला. आठ वर्षं तीन नट त्या अपराधाचं ओझं वागवत होते, पण तो दिवस पडद्यावर कधी आला नव्हता. हर्ट यांचा डॉक्टर त्या दिवसाचा. 'डॉक्टर' हे नावसुद्धा त्यानं स्वतःहून टाकलेलं. २००५ चे डॉक्टर क्रिस्टोफर एकल्स्टन यांनी या भागात यायला नकार दिला आणि त्या रिकाम्या जागेतून हे पात्र जन्माला आलं. माझ्या मते मालिकेला त्यात फायदाच झाला. आपल्या आवडत्या चेहऱ्याला आपण लगेच माफ करतो. हर्ट यांच्या सुरकुतलेल्या अनोळखी चेहऱ्याला माफ करायचं की नाही, याचा विचार करावा लागतो.

आता पटकथेची बांधणी. कथेच्या शेवटी डॉक्टर गॅलिफ्रे जाळत नाही. अख्खा ग्रह काळाच्या एका क्षणात गोठवून दुसरीकडे दडवून ठेवतो. असा उपाय आयत्या वेळी काढला असता तर प्रेक्षकांनी टीव्हीच फोडला असता. पण इथे उपायाचा प्रत्येक सुटा भाग आधी लहान आकारात वापरून दाखवलेला आहे.

पहिला भाग चित्रांचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत टाइम लॉर्डांचं एक चित्र आहे, गॅलिफ्रेवरचं आर्केडिया शहर पडतानाचं. ते सपाट नाही. एक गोठवलेला क्षण आहे, ज्यात आत शिरता येतं. त्याच गॅलरीच्या तळघरातल्या दुसऱ्या चित्रांमधल्या आकृत्या गायब झाल्या आहेत आणि काचा आतून बाहेर फुटल्या आहेत. जमिनीवर दगडाची भुकटी पडली आहे. कारण १५६२ मध्ये रूप बदलणारे झायगॉन त्या चित्रांमध्ये जाऊन बसले होते. पृथ्वी राहण्याजोगी सुखसोयीची झाली की बाहेर यायचं, असा त्यांचा बेत होता. बाहेर आल्यावर त्यांनी पुतळे फोडले आणि त्यांच्या जागी कापड पांघरून उभे राहिले. भुकटी तिथली. म्हणजे क्षण गोठवता येतो, त्यात जिवंत राहता येतं आणि काच फोडून बाहेरही येता येतं, हे आपल्याला शत्रूकडून कळतं.

दुसरा भाग गणिताचा, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. तिन्ही डॉक्टर टॉवर ऑफ लंडनच्या कोठडीत बंद आहेत. दार लाकडाचं, आणि डॉक्टरचं हत्यार, म्हणजे सोनिक स्क्रूड्रायव्हर, लाकडावर चालत नाही. दाराचा कण न कण हलवायचा हिशोब करायला त्याला शतकं लागतील. मग लक्षात येतं की तिघांच्या हातातलं यंत्र तेच आहे. बाहेरचं कवच तेवढं बदललं आहे. सर्वांत आधीच्या डॉक्टरनं आत्ता हिशोब सुरू केला, तर चारशे वर्षं पुढच्या स्मिथच्या हातात उत्तर तयार असणार. तो बघतो, तर तयार आहे! तेवढ्यात डॉक्टरची सोबतीण क्लारा दार ढकलून आत येते. कुलूप लावलेलंच नव्हतं. आपण हसतो आणि हसण्याच्या नादात नियम मनात पक्का बसतो. शेवटी अख्खा ग्रह गोठवायचा हिशोब शेकडो वर्षांचा आहे असं गॅलिफ्रेचा सेनापती म्हणतो तेव्हा डॉक्टर सांगतो की तो कधीचाच सुरू केला आहे. तिथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा धागा एका फोनचा. सुरुवातीला गॅलरीतल्या एका शास्त्रज्ञाला फोन येतो आणि ते चित्र हलवायला सांगितलं जातं. तो बुचकळ्यात पडतो, दृश्य पुढे सरकतं आणि आपणही विसरतो. बऱ्याच वेळानं कळतं की टॉवरखालच्या गुप्त भांडारात टारडिस शिरू शकत नाही, म्हणून तिघं त्या चित्रात लपून आत पोचले. फोन त्यांचाच होता. भाग पुन्हा पाहाल तेव्हा त्या शास्त्रज्ञाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा.

भांडारातला पेचही तसाच मोजून मांडलेला. परग्रहवासीयांपासून पृथ्वीचं रक्षण करणाऱ्या संस्थेची प्रमुख केट स्टुअर्ट आणि तिचं रूप घेतलेली झायगॉन समोरासमोर. खाली अणुबॉम्ब, हातात पाच मिनिटं. अब्जावधींसाठी लंडनमधले लाखो मारायचे, असं केट ठरवते. तिकडे गॅलिफ्रेवर हर्ट यांचा डॉक्टर ठरवतो आहे तेच. हे तिघं तिथल्या स्मृती पुसणाऱ्या यंत्रानं सगळ्यांच्या डोक्यातून एवढंच पुसतात की आपण माणूस आहोत की झायगॉन. आता करार करा! आपण कुठल्या बाजूचे हेच ठाऊक नसलं तर दोन्ही बाजूंना पटेल असाच करार लिहावा लागतो. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्यायाबद्दल मांडलेली ही कल्पना. शनिवारी संध्याकाळी मुलाबाळांसह बघायच्या कार्यक्रमात ती एकही जड शब्द न वापरता आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

बिली पायपरबद्दलही सांगायला हवं. तिनं साकारलेली रोझ, टेनंटच्या डॉक्टरची लाडकी सोबतीण, परत येणार म्हटल्यावर चाहत्यांना टेनंटबरोबरची भेट हवी होती. मॉफट यांनी ती दिली नाही. पायपर इथे रोझ नाहीच. ती 'मोमेंट' नावाच्या विवेक असलेल्या शस्त्राचा चेहरा आहे, आणि दिसते फक्त हर्ट यांना. टेनंटच्या कानावर 'बॅड वुल्फ' हे रोझशी जोडलेले दोन शब्द तेवढे पडतात आणि तो चमकून वळतो. भेट झाली असती तर रोझचा २००६ मधला निरोप फुकट गेला असता.

सगळ्यात कठीण गाठ पुढेच होती. गॅलिफ्रे वाचला, तर आठ वर्षांच्या त्या साऱ्या अपराधी भागांचं काय? ते खोटे ठरणार. त्यावर एका वाक्याचा तोडगा आहे: काळाचे प्रवाह एकमेकांत मिसळल्यामुळे आधीच्या दोघांना यातलं काहीही आठवणार नाही. लक्षात राहणार फक्त स्मिथला. म्हणजे मधल्या काळातलं दुःख खरंच राहतं, जुना एकही भाग पुसला जात नाही आणि पुढच्या कथांना मात्र नवी वाट मिळते.

दोषही आहेत, आणि ते लहान नाहीत. ज्या महायुद्धाचं वर्णन डेव्हिस यांनी कल्पनेपलीकडचं म्हणून केलं होतं, ते पडद्यावर बंदुका, धूर आणि पडक्या भिंती एवढंच उरलं. काळाशी खेळणाऱ्या दोन जमातींचं युद्ध असं नुसतं गोळीबाराचं कसं असेल? दुसरं, ग्रह नाहीसा होताच भोवतालचे डालेक एकमेकांच्या माऱ्यात संपतात, हे फारच सोयीचं आहे. १५६२ मधल्या राणी एलिझाबेथ पहिलीच्या आणि टेनंटच्या डॉक्टरच्या लग्नाची गंमत लांबली आहे. आणि ज्या कराराचं मी इतकं कौतुक केलं, त्यात ठरलं काय, हे भाग सांगतच नाही.

जुन्या डॉक्टरांचं दर्शन मात्र नेमकं जमलं आहे. जुन्या चित्रफितींमधून सगळे आपापल्या टारडिससह येतात. हार्टनेल यांचा आवाज जॉन गिलोर यांनी काढला. सेनापती बारा मोजतो, तेवढ्यात तेराव्याची बातमी येते आणि पडद्यावर पुढचे डॉक्टर पीटर कॅपाल्डी यांचा हात आणि डोळे तेवढे दिसतात. त्यांची निवड ऑगस्टमध्येच जाहीर झाली होती, पण ते इथे येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. एवढी माणसं, आणि कुणीही कथा अडवून उभं राहत नाही, कारण तेराही जण त्या एकाच हिशोबाला लागलेले आहेत. त्यानंतर ७९ वर्षांचे टॉम बेकर गॅलरीचे संग्राहक म्हणून येतात. १९८३ मध्ये न आलेला डॉक्टर तीस वर्षांनी एका शांत दृश्यात येतो आणि चित्राची दोन मानली गेलेली नावं, 'गॅलिफ्रे फॉल्स' आणि 'नो मोअर', मुळात एकच असल्याचं सुचवतो.

बारकाव्यांची आवड असेल तर आणखी दोन जागा. क्लारा मोटारसायकलवरून शाळेबाहेर पडते तेव्हा मागच्या घड्याळात पाच वाजून सोळा मिनिटं झालेली असतात. आणि स्मिथ कोठडीच्या भिंतीवर जो आकडा कोरतो, तो आहे १७१६२३११६३. फोडून वाचा: १७ वाजून १६ मिनिटं, २३ तारीख, ११ वा महिना, ६३ साल. पहिला भाग सव्वापाचला लागायचा होता, पण मिनिटभर उशिरा सुरू झाला. तो उशीरसुद्धा त्यांनी हिशोबात धरला आहे.

नव्यानं बघणाऱ्यांनी सरळ या भागाला हात घालू नये. आधी २००५ च्या मालिकेतले डालेकांचे भाग बघा, म्हणजे अपराधाचं ओझं कळेल. मग २००९-१० चा 'द एंड ऑफ टाइम'. त्यात युद्धाच्या अखेरीस टाइम लॉर्ड स्वतः किती भयंकर झाले होते ते दिसतं. ते न बघितल्यास डॉक्टर निव्वळ क्रूर वाटतो. मग मे २०१३ चा 'द नेम ऑफ द डॉक्टर', ज्याच्या शेवटी हर्ट पहिल्यांदा दिसतात. आणि 'द नाइट ऑफ द डॉक्टर' हा सातेक मिनिटांचा लघुभाग चुकवू नका. पॉल मॅगॅन यांचा आठवा डॉक्टर युद्धात उतरायला कसा तयार होतो, ते त्यात आहे. मग हा भाग, सुमारे ७७ मिनिटांचा. मिळाला तर थ्रीडीत, कारण आत खोली असलेलं चित्र दाखवायला थ्रीडी इथे खरोखर उपयोगी पडलं आहे. गॅलिफ्रेचं पुढे काय झालं ते त्याच वर्षीच्या नाताळच्या भागात कळायला लागेल, आणि झायगॉनांच्या कराराचं उत्तर २०१५ च्या दोन भागांच्या कथेत मिळेल. नमस्कार.